ऐन आणि फणसाच्या नक्षीदार फळ्यांचं जेवणाचं टेबल: कोल्हापुरात कुणी केलंय का?

आजरेकर
नमस्कार मंडळी. आजऱ्याजवळ आमच्या शेताच्या बांधावरचा जुना फणस वळवाच्या वादळात उन्मळून पडला आणि पडताना शेजारच्या ऐनाची एक जाडजूड फांदी बेचक्यासकट घेऊन आला. फणसाचा सरळ बुंधा आठ फूट निघतोय, वेढा चार फूट. सरपणाला देणं जिवावर येतंय. फांदी फाटली तिथं आत आडव्या लाटा दिसतात, ओलं फडकं फिरवलं की चमकतात.

आम्ही राहतो कोल्हापुरात, राजारामपुरीत. सहा बाय तीनचं जेवणाचं टेबल आणि एक बाकडं करावं असं मनात आहे. दोन मिस्त्र्यांना विचारलं. दोघंही म्हणाले, "ऐन नको, फणस नको, साग घ्या नाहीतर प्लायवर व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) मारून देतो." व्हिनियरच्या कॅटलॉगमध्ये मला जी नक्षी दाखवली ती या फांदीत आहे त्याहून डावी होती. कुणी देशी लाकडात असं काम केलंय का? चिरायचं कसं, वाळवायचं कसं, द्यायचं कुणाला?

रांगडा_गडी
लई भारी! फोटू टाका की आधी.

आजरेकर
टाकले आहेत, खाली बघा. तिसरा फोटो बेचक्याचा.

रंध्याची_धार
तिसरा फोटो बघून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. माझा शिरोलीकडे छोटा कारखाना आहे, फक्त सॉलिड लाकडाचं काम करतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की करा: नक्षी सुतार काढत नाही, ती सॉ मिलवर ठरते. ओंडका कोणत्या बाजूनं पट्ट्यावर चढवला यावर फळी बोलकी की मुकी हे ठरतं. नंतर कितीही घासा, पॉलिश मारा, चुकीच्या दिशेनं चिरलेली फळी सुधारत नाही.

कारण असं. ऐनात उभे तंतू सरळ चढत नाहीत. काही वर्षं उजवीकडे कलतात, मग काही वर्षं डावीकडे. असा ओंडका गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पातळीत चिरला की फळीवर हे थर शेजारी शेजारी येतात आणि उजेड पट्ट्यापट्ट्यांनी परततो. एक पट्टा गडद, शेजारचा उजळ. फळी फिरवली की उलट. तोच ओंडका सरधोपट, एकावर एक थर काढत चिरला तर नुसत्या कमानी दिसतात. त्या वाईट नाहीत, पण ती चमक गेली.

तंतूच नागमोडी असले तर आडव्या लाटा येतात. फांदीवर तुम्हाला दिसतात त्या बहुतेक त्याच.

आणि बेचकं! तिथं दोन फांद्यांचे तंतू एकमेकांत घुसून दाटलेले असतात. दोन्ही फांद्यांचे मध्य आणि खालच्या बुंध्याचा मध्य, हे तिन्ही एकाच कापात आले पाहिजेत. तसा काप घेतला तर मधोमध मोरपिसासारखी नक्षी उलगडते. त्याला काटकोनात कापलं तर दोन गोल डोळे आणि बाकी काही नाही. मिलवाल्याला सांगून भागणार नाही, खडूनं रेघ मारून द्या आणि पहिला काप होईपर्यंत तिथंच उभे राहा.

पेठेतला_सुतार
आमची चौथी पिढी या धंद्यात, मंगळवार पेठेत. मी बोलतो ते जरा कडू लागंल.

ऐन म्हणजे लाकूड न्हाई, दगुड हाय. रंधा मारायला घेतला की एका हाताच्या अंतरात पातं बोथट. उलटी रेषा आली की खपली उचलती, मग ती घासत बसा दिवसभर. दिवसाची मजुरी गिऱ्हाईक देतंय का? न्हाई देत. त्याला साग आणि ऐन यांच्या मजुरीत फरक का, ते कळत न्हाई. म्हणून मिस्त्री 'नको' म्हणत्यात. त्यांचं चुकतंय कुठं?

आमचे आबा ऐन वापरायचे, पण तुळया, खांब, जोती, गाडीचं काम असल्याला. घरात बसायच्या वस्तूला साग नाहीतर शिसम. शिसम आता बघायला मिळंना.

रंध्याची_धार
काका, तुमचं बरोबरच आहे, मजुरीचं तर शंभर टक्के. मी ऐनाच्या कामाला सागाच्या जवळपास दीडपट मजुरी सांगतो आणि आधीच सांगतो. ज्याला नको तो जातो.

रंध्याचं म्हणाल तर साधा रंधा ४५ अंशाला बसवलेला असतो, नक्षीच्या लाकडाला तो कोन कमी पडतो. पातं ५५-६० अंशाला उभं केलं की खपली उचलायच्या आधीच कापली जाते. ढकलायला जड जातं, पण पृष्ठभाग गुळगुळीत निघतो. पात्यावरची पोलादी पट्टी धारेच्या अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणली तरी बराच फरक पडतो. आणि शेवटचा हात काचेचा.

पेठेतला_सुतार
काच! हे बरं काढलंस भावा. आबा खिडकीची फुटकी काच जपून ठेवायचे. हातात फडकं धरून अशी तिरकी ओढायची की पीठ न्हाई, पातळ कांद्याच्या पापुद्र्यागत साल निघती. पीठ निघालं की समजायचं धार गेली, दुसरा तुकडा फोडायचा. आताची पोरं पॉलिश पेपर घासत बसत्यात आणि नक्षी धुरकट करून टाकत्यात.

गगनबावडा_रोड
लाकडाचं कौतुक चालू द्या, पण आजरेकर, ते कोल्हापूरला आणणार कसं?

झाड स्वतःच्या मालकीचं असलं आणि आपोआप पडलं असलं तरी ट्रॉलीत घालून निघता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ यांच्या जोडीला ऐन आणि फणस दोन्ही येतात. आधी वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात अर्ज करा. सातबारा जोडा, त्यावर झाडांची नोंद आहे का ते तलाठ्याकडून बघून घ्या. पंचनामा होईल, मालावर हातोडीचा ठसा पडेल, मग वाहतूक परवाना. तो हातात आल्याशिवाय रस्त्यावर येऊ नका. सॉ मिलवालाही कागद मागतो आणि मागितलाच पाहिजे.

रांगडा_गडी
हे सगळं एका टेबलासाठी? त्यापेक्षा दुकानातनं आणलेलं परवडलं.

गगनबावडा_रोड
परवडलं असतं तर त्यांनी धागा काढला नसता. आणि हा जाच आहे म्हणून राधानगरी-दाजीपूरकडं अजून ऐन, किंजळ उभे दिसतात. 'देशी लाकूड' म्हटलं की लोकांना रानातनं गुपचूप आलेला माल स्वस्तात हवा असतो. तसला घेऊ नका. पडलेलं झाड, जुन्या वाड्याचा माल, नाहीतर वनखात्याच्या लिलावातला पावतीचा माल, एवढंच.

मिरजकर
शिसमाचा विषय निघाला म्हणून. २०१७ पासून शिसमाचा जवळजवळ अख्खा वंश 'साइटिस'च्या (दुर्मीळ झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर पाठवताना कागदपत्रं लागतात. देशात वापरायला त्या यादीची आडकाठी नाही, पण पावती नसलेला माल घेऊ नये.

आमच्याकडं सतार-तानपुऱ्याला तूण वापरतात. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, एवढी जाहिरात करून घेतो.) दांडीला नक्षीचं लाकूड नको असतं. रेषा सरळ असली तर दांडी वर्षानुवर्षं सरळ राहते. तेच टेबलाच्या पायांना आणि चौकटीला लावा: भार घेणारे भाग सरळ रेषेचे, नक्षी वरच्या फळीवर आणि दारांच्या दिल्ह्यांत (चौकटीत बसवलेल्या फळ्यांत). नक्षी जिथं दाट तिथं लाकूड कमजोर, हे विसरू नका.

फणसाला नाक मुरडणाऱ्या मिस्त्र्यांना सांगा, तंजावरची वीणा फणसाचीच असते.

उद्यमनगरी
मिरजकरांच्या मुद्द्याला जोडून. मी फर्निचरवाला नाही. उद्यमनगरात पॅटर्न मेकर होतो, आता निवृत्त. फौंड्रीत साचा पाडायला जो लाकडी नमुना लागतो तो आम्ही करायचो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना फुटाला अष्टमांश इंच आटतं, म्हणून आमची फूटपट्टीच तेवढी मोठी असायची. एवढं काटेकोर मोजून केलेला पॅटर्न जूनमध्ये फुगला तर सगळ्या कास्टिंगचा माप गेला. त्यामुळं लाकूड किती हलतं हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. आम्ही साग आणि शिवण सोडून सहसा दुसरं घेत नव्हतो. शिवण दिसायला साधं, वजनाला हलकं, पण एकदा वाळलं की जागचं हलत नाही.

आता गणित. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत हलतं, आणि सरधोपट चिरलेल्या फळीत गाभ्याकडून चिरलेल्या फळीच्या साधारण दुप्पट हलतं. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत भिंतींना घाम. सागाच्या तीन फूट रुंद टेबलात ओलावा ६ टक्क्यांनी जरी वरखाली झाला तरी रुंदी जवळपास १० मिलिमीटर बदलते. हा साग, जो कमीत कमी हलणाऱ्यांत मोडतो. ऐन याहून जास्त हलतो.

म्हणून वरची फळी चौकटीला खिळ्या-स्क्रूनं आवळून टाकली तर ती फाटणारच. चौकटीला आतून खाच पाडा, त्या खाचेत सरकतील असे छोटे लाकडी ठोकळे बसवा आणि ठोकळे वरच्या फळीला स्क्रूनं पकडा. फळी पावसाळ्यात पसरेल, उन्हाळ्यात आवळेल, चौकटीला पत्ता लागणार नाही.

मिस्त्री 'ऐन चिरतो' म्हणतात. ऐन चिरतो तो ओला वापरला म्हणून आणि आवळून बसवला म्हणून.

आजरेकर
काका, हे सोनं आहे. म्हणजे वाळवणं महत्त्वाचं. किती दिवस?

उद्यमनगरी
दिवस नव्हे, इंचाला वर्ष धरा. हा ढोबळ हिशेब झाला, ऐनाला जास्तही लागेल. मीटर मिळाला तर १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय हात लावू नका.

रंध्याची_धार
घाई असेल तर भट्टीत वाळवून मिळतं, पण ऐनाचा पहिला ओलावा भट्टीत ओढला तर आतून तडे जातात. आधी सावलीत वाळू दे, शेवटचा टप्पा हवा तर भट्टीत.

पद्धत सांगतो. परवाना मिळेपर्यंत ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना जाड ऑइल पेंट किंवा मेण फासून ठेवा. गावाकडं शेण लिंपतात, तेही चालतं. पाणी तोंडातून भराभर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. दीड इंची टेबल हवं असेल तर फळी पावणेदोन इंची चिरा, वाळताना आणि रंध्याखाली तेवढं जातंच. मधोमधची भेंडाची रेघ फळीत ठेवू नका. रचताना दीड-दीड फुटावर एक इंची चौकोनी पट्ट्या, सगळ्या थरांत बरोबर एकाखाली एक. पट्टी इकडं तिकडं झाली की फळीला तिथं बाक येतो आणि तो जन्मभर राहतो. वर दगड ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको, वारा खेळेल अशा सावलीत.

फणसाचा सालीकडचा फिकट भाग काढून टाका किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारा, दीडास एक प्रमाण. भुंगेरा त्या भागातल्या पिष्टावर येतो. टेबलाखाली पिठाच्या ढिगुल्या दिसायला लागल्या की उशीर झालेला असतो.

पेठेतला_सुतार
अवसेला तोडलं तर किडा लागत न्हाई, असं जुनी माणसं म्हणत्यात.

रांगडा_गडी
वळवाला तिथी कोण सांगणार काका 😄

पेठेतला_सुतार
ते बी खरं. आणखी एक, मिलवर जायच्या आधी ओंडक्याची तोंडं नीट बघा. बांधावरचं झाड म्हणजे आत तार, खिळा, कडी काहीतरी असणारच. म्हशी बांधल्याल्या असत्यात, कुंपणाची तार झाडानं गिळल्याली असती. तोंडावर निळा-काळा डाग दिसला की त्या रेषेत लोखंड हाय समजा. मिलवाल्याचं पातं तुटलं तर तो तुम्हाला आणि तुमच्या फणसाला दोघांना बाहेर काढंल.

गगनबावडा_रोड
हा निळा-काळा डाग म्हणजे टॅनिन आणि लोखंडाची गाठ. आपल्या चपलांचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात ना, तेच टॅनिन ऐनाच्या लाकडातही भरपूर. ओल्या ऐनावर लोखंडी पट्टी ठेवून चहाला गेलात तरी परत येईपर्यंत खूण उमटलेली असते.

शिरोळची_लेक
मी सुतारकामातली नाही, पण प्लाय की सॉलिड यावर बोलायचा हक्क आम्हा शिरोळकरांना आहे. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. उतरल्यावर आत गेलो तर मॉड्युलर किचन हाताला लागून गळून पडत होतं, पार्टिकल बोर्डचा भिजलेल्या पावागत लगदा. नवा वॉर्डरोब टेम्पोत भरून टाकून दिला. आजीचा सागाचा पाट आणि सासूबाईंच्या लग्नातली पेटी धुतली, सावलीत ठेवली, पेटीचं झाकण थोडे दिवस अडकत होतं, मग बसलं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ती पेटी उचलून माळ्यावर ठेवायचेही कष्ट घेतले नाहीत.

रांगडा_गडी
ताई, कडक. बरं, आजरेकर, त्या बेचक्यात निळं इपॉक्सी ओतून रिव्हर टेबल करा की. इन्स्टावर लई चालतंय.

शिरोळची_लेक
पंचगंगा दरसाल दारात येते, टेबलात आणि कशाला नदी?

रंध्याची_धार
😂 धागा इथंच बंद करायला हवा होता.

इपॉक्सीला माझा विरोध तत्त्वाचा नाही. गाठीतली भेग भरायला काळं इपॉक्सी मीही वापरतो. पण दोन फळ्यांमध्ये वीतभर राळ ओतली तर लाकूड हलतं, राळ हलत नाही, आणि काही पावसाळ्यांनी सांधा बोलायला लागतो. शिवाय बघणारा राळेकडंच बघतो, लाकूड नुसतं काठाला उरतं.

मिरजकर
फणसाबद्दल एक राहिलंच. ताजा चिरला की पिवळाजर्द असतो. बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवायला फणसाच्या लाकडाचा रंग वापरतात, तोच पिवळा. उजेडात राहून तो हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. त्यामुळं नव्या टेबलावर पहिलं वर्षभर एकाच जागी फुलदाणी किंवा टेबलमॅट ठेवू नका. उचलाल तेव्हा खाली पिवळा ठसा असेल.

आजरेकर
आणि पॉलिश? बायकोचा आग्रह लाखेच्या पॉलिशचा आहे, तिच्या माहेरी तसं कपाट आहे.

पेठेतला_सुतार
वहिनींची पारख चांगली हाय. चपडा लाख आणि स्पिरिट, कापसाच्या बोळ्यानं पातळ थरावर थर. त्यानं नक्षी जशी खुलती तशी कशानंच न्हाई. पण जेवणाच्या टेबलाला नको. तांबड्या रश्श्याचं भांडं चुलीवरनं थेट ठेवलं की पांढरं कडं उमटलंच. बाकड्याला लाख करा, टेबलाला दुसरं काहीतरी.

रंध्याची_धार
टेबलाला मी आधी तेलाचा एक हात देतो, नक्षीला खोली येते. तो पुरता वाळला की वर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) पातळ मॅट थर. चकचकीत करू नका. चकाकी वरून परतते आणि आतली चमक दिसत नाही. मेलामाइन पॉलिश स्वस्त पडतं, पण चरा गेला तर दुरुस्त करणं अवघड जातं.

मालाचा हिशेबही सांगून ठेवतो. सहा बाय तीन, दीड इंच म्हणजे सव्वादोन घनफूट तयार माल. नक्षीच्या कामात चाळीस टक्के वाया धरा, म्हणजे पावणेचार घनफूट चिरलेला माल लागेल. तुमचा बुंधा बाजारी मापानं, वेढ्याचा चौथा भाग गुणिले चौथा भाग गुणिले लांबी, आठ घनफूट भरतो. खरं घनफळ दहाच्या वर जातं, पण ती सूट साल आणि कटाईची असते. टेबलाचा वरचा भाग, बाकडं आणि चौकट निघेल. ऐनाचं मोरपीस दोनच फळ्यांत मिळेल, ती पुस्तकासारखी उघडून टेबलाच्या मधोमध शेजारी शेजारी लावा.

आजरेकर
मंडळी, अपडेट. परवाना मिळाला. मधे दोनदा परत पाठवलं, सातबाऱ्यावर ऐनाची नोंद नव्हती. माल मिलवर गेला. पेठेतल्या काकांनी सांगितलं तसंच झालं, फणसात खालच्या बाजूला दावणीची कडी निघाली, डागावरून आधीच ओळखली आणि तेवढा भाग छाटला. बेचक्यावर खडूची रेघ मी मारली, मिलवाला म्हणाला, "साहेब, अशी वाकडी कशाला, माल कमी निघंल." पहिला काप पडला आणि दोन्ही अर्धुकं उघडली तेव्हा तोच कामगारांना हाक मारून बोलवायला लागला. फोटो टाकलाय.

आता फळ्या रचून ठेवल्यात. वाळेपर्यंत एक प्रश्न: पाय. फणसात पायांना पुरेल एवढं सरळ लाकूड उरत नाही.

उद्यमनगरी
फोटो बघितला. असलं बेचकं माझ्या हातून कधी गेलं नाही.

पाय बिडाचे करा की. कोल्हापुरात राहून पायाला लाकूड कशाला शोधता? पॅटर्न मी करून देतो, शिवणाचा. ओळखीच्या फौंड्रीत दोन नग ओतून घेऊ.

पेठेतला_सुतार
बीड आणि ऐन एकमेकाला टेकलं की काळं पडणार, आत्ताच वाचलं न्हवं?

उद्यमनगरी
पाय ऐनाला टेकतोच कुठं? पाय चौकटीला, चौकट फणसाची. तरी बिडाला दोन हात रंग, मधे कातड्याचा तुकडा आणि स्क्रू पितळी.

शिरोळची_लेक
पाय चांगले दोन फूट चार इंच तरी ठेवा. खाली खुर्च्या पूर्ण सरकल्या पाहिजेत, नाहीतर येता-जाता कडा त्यांच्याच पाठींनी झिजतात.

रांगडा_गडी
आजरेकर, बेचक्याचा उरलेला तुकडा असला तर माझ्यासाठी ठेवा. पाटा-वरवंट्याखाली ठेवायला नको म्हणा, भिंतीला लावतो.

रंध्याची_धार
रांगेत ये. मी आधी विचारलंय, मेसेजमध्ये.